पाण्यातलं शिसं सोन्याच्या रंगावरून ओळखायचं कसं: कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेतली पद्धत

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दिसणारं सोनं पिवळं असतं. तेच सोनं १५-१६ नॅनोमीटरचे कण करून पाण्यात तरंगत ठेवलं की ते कोकम सरबतासारखं लाल दिसतं. हे कण एकमेकांजवळ आले की लालचं जांभळं होतं आणि मग निळं. आपल्या अख्ख्या पद्धतीचं मूळ एवढ्यातच आहे. पाण्यातल्या धातूच्या आयनांनी या कणांना एकत्र ओढावं आणि तो बदल आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसावा, अशी सोय करायची.

मी रसायनशास्त्र शिकवतो. बीएस्सी-एमएस्सीची मुलं दरवर्षी प्रकल्पासाठी हा विषय घेतात, आणि दरवर्षी निम्म्या अहवालांत एकच वाक्य असतं: 'रंग निळा झाला, म्हणून नमुन्यात शिसं आहे.' या वाक्यातल्या 'म्हणून'वर माझा आक्षेप आहे. रंग बदलवणं एका दुपारचं काम आहे. तो कशामुळे बदलला हे शोधण्यात आठवडा जातो. म्हणून इथे कृतीइतकीच जागा पडताळणीला दिली आहे.

शिसंच का, आणि सोनंच का

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशीनशॉप खच्चून आहेत. पितळ आणि गनमेटल यंत्रावर सहज कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळतात. तसल्या पितळेचा नळ घरात असला आणि पाणी रात्रभर त्यात साचून राहिलं, तर सकाळच्या पहिल्या पाण्यात शिसं उतरू शकतं. कल्हईसाठी वापरलेलं कथील भेसळीचं असलं तर तोही एक मार्ग. बॅटरीची दुकानं आणि जुने रंग आहेतच. शिशाला रंग, वास, चव काही नाही आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

रंग बदलणारे नॅनो-संवेदक आणखीही आहेत. चांदीचे नॅनोकण पिवळे असतात. पाऱ्याचे आयन चांदीचं ऑक्सिडीकरण करतात, कारण पाऱ्याचं प्रमाणित विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद) ०.८५ व्होल्ट आणि चांदीचं ०.८० व्होल्ट, मग पिवळा रंग फिका पडत जातो. कार्बन डॉट्स अतिनील टॉर्चखाली निळे चमकतात आणि फेरिक लोह आलं की मंदावतात. मुलांना ते फार आवडतं, पण लोह सोडून इतर पुष्कळ गोष्टींनीही ती चमक जाते. एक मोह खास आपल्याकडचा: कोल्हापुरी गुळातली ग्लुकोज-फ्रुक्टोज वापरून चांदीचे नॅनोकण करायचे. ऐकायला छान वाटतं. पण गुळात क्लोराइड असतं, ते चांदीला सिल्व्हर क्लोराइड करून खाली बसवतं. आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून 'हायड्रोस' घातलेला असेल तर गंधकाची संयुगं चांदी काळी करतात. गूळ खायलाच ठेवा.

सोनं महाग पडेल ही भीती अनाठायी आहे. खाली दिलेल्या एका घाण्याला १० मिलिग्रॅम क्लोरोऑरिक आम्ल लागतं (दुकानदार याला 'गोल्ड क्लोराइड' म्हणतात). त्यात खरं सोनं ५ मिलिग्रॅम, आणि तेवढ्यात १०० मिलिलिटर लाल द्रावण होतं. म्हणजे एक ग्रॅम सोन्यात असे २०० घाणे.

आधी मर्यादा समजून घ्या

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० (२०१२) शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम सांगतं. इथे दिलेल्या पद्धतीने माझ्या डोळ्यांना फरक नक्की दिसायला लागतो तो लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या दहापट वर. स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) असेल तर थोडं खाली जाता येतं. तेव्हा या परीक्षेवरून कुणाच्याही घरचं पाणी 'सुरक्षित' म्हणून सांगायचं नाही. पन्नास नमुन्यांतले कोणते पाच अणुशोषण यंत्रावर (धातूचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) आधी पाठवायचे, हे ठरवण्यासाठी ती वापरायची.

भांडी

बहुतेक अपयशाचं कारण इथेच सापडतं. काचेवर चिकटलेला जुना सोन्याचा कण किंवा साबणाचा थर असला की नवे कण वेडेवाकडे वाढतात. शास्त्रोक्त उपाय म्हणजे अम्लराज: हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल ३:१. तो फक्त फ्यूम हूडखाली, गॉगल आणि ग्लव्ह्ज घालून, लागेल तेवढाच करायचा आणि बाटलीत झाकण लावून कधीच ठेवायचा नाही. वायू सुटतो आणि बाटली फुटते. हूड नसेल तर नवं कोरं फ्लास्क घ्या, दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवा आणि डिस्टिल्ड वॉटरने सहा-सात वेळा विसळा. घरच्या ओट्यावर करायचा हा प्रकार नाही.

गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरी वॉटर वापरू नका. एका कॅनचं चांगलं निघतं, दुसऱ्याचं नाही, आणि कुठला कॅन कसा हे प्रयोग बिघडल्यावरच कळतं. चुंबकी ढवळणीची जुनी, चरे पडलेली गोळीही नको. गोल्ड क्लोराइड घ्यायला स्टीलचा चमचा वापरू नका, लोखंड त्यातलं सोनं बाहेर काढतं. प्लॅस्टिकचा चमचा बरा. शिवाय ते हवेतली ओल पटकन शोषतं. जूनमध्ये पंचगंगेला पाणी चढायला लागलं की आमच्याकडे उघड्या बाटलीत दोन मिनिटांत त्याचा चिकट गोळा होतो. म्हणून पूर्ण ग्रॅमची कुपी एकदम विरघळवून एक टक्क्याचं द्रावण करा आणि काळ्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा.

लाल द्रावण बनवणं

ही पद्धत टर्केविच यांनी १९५१ मध्ये मांडली, आणि सायट्रेटचं प्रमाण बदलून कणांचा आकार कसा बदलतो हे फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलं. सोन्याच्या लाल द्रावणावर मायकल फॅरडे यांनी व्याख्यान दिलं ते तर १८५७ मध्ये.

१०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर शंकूपात्रात घ्या, त्यात एक टक्क्याचं गोल्ड क्लोराइड १ मिलिलिटर घाला. फिकट पिवळं दिसेल. वर वॉचग्लास ठेवून, ढवळत, चांगलं खळखळून उकळी येऊ द्या. नुसतं वाफाळलेलं चालत नाही. दुसरीकडे १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवलेलं असू द्या. उकळी जोरात असताना त्यातलं २ मिलिलिटर एका दमात ओता. थेंबथेंब नको. हळू घातलं की काही कण आधी जन्मतात, काही नंतर, आणि आकार विषम होतो.

आता बघत राहा. पिवळा रंग जातो, पाणी जवळजवळ बिनरंगाचं होतं. मग अर्ध्या-एक मिनिटात करडी झाक येते, ती गडद होत शाई सांडल्यासारखी निळी-काळी दिसते. इथे दरवर्षी कुणीतरी घाबरतं. गेल्या वर्षी एक मुलगी गॅस बंदच करायला निघाली होती, "सर, बिघडलं हो, काळं पडलं!" मी म्हटलं, हात लावू नकोस, घड्याळ बघ. मिनिटभरात काळ्यातून जांभळं वर आलं, आणि जांभळ्यातून लाल. तेही एकदम नाही, तळाकडून उकळीच्या धारेबरोबर वर चढत गेलं. ती नंतर तेवढ्यासाठी दुसरा घाणा करायला आली.

लाल रंग स्थिरावल्यावर आणखी १० ते १५ मिनिटं उकळू द्या, मग गॅस बंद करून ढवळत थंड करा आणि आटलेलं पाणी डिस्टिल्ड वॉटर घालून १०० मिलिलिटर करा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास आणि शोषणांक साधारण १ आला की कण १६ नॅनोमीटरच्या जवळपास आहेत असं समजा. शिखर ५३० च्या पुढे असेल किंवा बाटली उजेडासमोर धरल्यावर जांभळट दिसत असेल तर ओतून द्या, त्याच्यावर पुढचं काम बांधू नका. चांगलं द्रावण काळ्या बाटलीत फ्रिजमध्ये काही आठवडे टिकतं. डीप फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. गोठलं की संपलं, वितळल्यावर तळाला काळी पूड मिळते.

कणांना शिशाची ओढ लावणं

सायट्रेटचं कवच ऋणभारित असतं, म्हणून कण एकमेकांना दूर ढकलतात. पण त्या कवचाला शिशाची खास ओळख नाही. ओळख आणायला ग्लुटाथायोन लावतात. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांची ही छोटी साखळी. सिस्टीनमधला गंधक सोन्याला घट्ट धरतो आणि दोन कार्बोक्सिल गट बाहेरच्या बाजूला मोकळे राहतात. शिशाचा आयन एका कणावरचा एक गट आणि शेजारच्या कणावरचा दुसरा गट असे दोन्ही पकडतो आणि पूल बांधतो.

मेडिकल दुकानात 'गोरं होण्याच्या' गोळ्या म्हणून ग्लुटाथायोन मिळतं. एका पठ्ठ्याने ती कुटून वापरली होती. गोळीत निम्मं-अर्धं पूरक द्रव्यच असतं, सगळं घाणेरडं राखाडी झालं. प्रयोगशाळेच्या प्रतीचंच घ्या.

३.१ मिलिग्रॅम ग्लुटाथायोन १० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की १ मिलिमोलर द्रावण होतं. रोज ताजं करा. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होतं. १० मिलिलिटर सोन्याच्या द्रावणाचा पीएच आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणाने ८ वर आणा. हा क्रम महत्त्वाचा आहे, आम्लधर्मी द्रावणात ग्लुटाथायोन घातलं की ते स्वतःच कणांना एकत्र आणतं आणि शिशाची वाट न बघता सगळं निळं होतं. मग १०० मायक्रोलिटर ग्लुटाथायोन घाला, हलवा, आणि अंधारात रात्रभर ठेवा.

इथे हात सैल सोडू नका. हिशेब करून बघितला तर १६ नॅनोमीटरच्या कणांवर एक थर बसायला ३ मायक्रोमोलरच्या आसपास ग्लुटाथायोन पुरतं, आणि आपण १० घालतोय. याहून जास्त घातलं तर पाण्यात मोकळं फिरणारं ग्लुटाथायोनच शिशाला धरून बसतं आणि सोन्यापर्यंत शिसं पोचतच नाही. सेंट्रिफ्यूज असेल तर मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर २० मिनिटं फिरवून वरचं पाणी काढा आणि तळाचे कण तेवढ्याच पाण्यात परत मिसळा. संवेदनशीलता वाढलेली दिसेल.

मिठाची कडा शोधणं

पुस्तकी कृतींमध्ये 'इतकं मीठ घाला' असं लिहिलेलं असतं आणि ते तुमच्या घाण्याला लागू पडत नाही. ग्लुटाथायोनचे कण बरेच पक्के असतात. थोड्याशा शिशाने ते हलत नाहीत. म्हणून मिठाने त्यांच्यातलं प्रतिकर्षण कमी करून त्यांना अगदी काठावर आणून उभं करायचं. मग शिशाचा एक धक्का पुरतो. हा काठ प्रत्येक घाण्याचा वेगळा असतो.

प्रयोगशाळेच्या प्रतीचं सोडियम क्लोराइड घ्या, स्वयंपाकातलं नको, त्यात आयोडीन आणि मोकळं राहण्यासाठी घातलेली पूड असते. २९.२ ग्रॅम मीठ आणि पाणी मिळून १०० मिलिलिटर, म्हणजे ५ मोलर. त्यातून ०.५, १, २, ३, ४ मोलर अशी पातळ द्रावणं करा. सहा-सात छोट्या कुप्यांत प्रत्येकी ५०० मायक्रोलिटर संवेदक (म्हणजे ग्लुटाथायोन लावलेलं सोन्याचं द्रावण), ४०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर आणि १०० मायक्रोलिटर वेगवेगळं मीठ घाला. मीठ नेहमी शेवटी. २० मिनिटांनी ज्या कुप्या लाल राहिल्या त्यातली सर्वांत खारट ती तुमची. त्याच मिठावर पुढचं सगळं काम करायचं, आणि नवा घाणा केला की ही परीक्षा परत.

रंगपट्टी तयार करणं

लेड नायट्रेट ०.१६० ग्रॅम एक टक्का नायट्रिक आम्लात विरघळवून १०० मिलिलिटर केलं की लिटरला १००० मिलिग्रॅम शिसं असलेलं द्रावण मिळतं. ते विषारी आहे, ग्लव्ह्ज घाला, पिपेट तोंडाने ओढायची नाही (हे आजही सांगावं लागतं). त्यातलं १ मिलिलिटर १०० ला नेलं की १० मिलिग्रॅम. यातून लिटरला ०.०२, ०.०५, ०.१, ०.२, ०.५ आणि १ मिलिग्रॅम अशी मालिका त्याच दिवशी करा. पातळ द्रावणातलं शिसं काचेला चिकटतं, दुसऱ्या दिवशी ०.०५ चं ०.०५ राहत नाही.

प्रत्येकाचे ४०० मायक्रोलिटर, वर ५०० संवेदक, वर १०० मीठ. बरोबर १० मिनिटांनी बघा, पांढरा कागद मागे धरून. शून्याची कुपी लाल, ०.१ ची जरा जांभळट, १ ची निळी दिसायला हवी. वेळ पाळणं गरजेचं आहे. तासाभराने शून्याची कुपीसुद्धा कुरकुरायला लागते.

मोबाइलने फोटो काढणार असाल तर बुटाचं खोकं घ्या, आतून पांढरा कागद लावा, एक एलईडी वरून सोडा, मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी खोक्याला भोक पाडा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर मोबाइल आपल्या अकलेने निळ्याचं लाल करतो. रंग वाचणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये लाल, हिरवा, निळा असे आकडे मिळतात. कण एकत्र आले की द्रावण लाल प्रकाश शोषायला लागतं, त्यामुळे लाल आकडा पडतो. नुसत्या पाण्याच्या कुपीचा लाल आकडा भागिले नमुन्याचा लाल आकडा, आणि त्याचा लॉगॅरिदम. हा प्रमाणाविरुद्ध आलेखावर मांडा. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६५० आणि ५२० नॅनोमीटरच्या शोषणांकांचं गुणोत्तर घ्या.

नमुना गोळा करणं

रात्री शेवटचा नळ बंद केल्यावर किमान सहा तास कुणी तो उघडायचा नाही. पहाटे पहिलं पाणी २५० मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीत. मग तीन मिनिटं नळ सोडून दुसरी बाटली. पहिलीत शिसं आणि दुसरीत नाही, तर संशय नळावर आणि घरातल्या फिटिंगवर. दोन्हींत सारखंच, तर मागे पाइपकडे किंवा विहिरीकडे बघा. दोन्ही बाटल्यांत सात-आठ थेंब तीव्र नायट्रिक आम्ल घाला म्हणजे शिसं भिंतीला चिकटत नाही, आणि रात्रभर ठेवा. बाटलीवर तारीख, वेळ, नळ की बोअर, पहिलं की नंतरचं, एवढं लिहा. "काकूंच्या घरचं" असं लिहिलेल्या तीन बाटल्या माझ्या कपाटात आहेत, कुठल्या काकू ते आता कुणालाच माहीत नाही.

प्रयोगाच्या वेळी १० मिलिलिटर नमुना घ्या, गढूळ असेल तर गाळा, आणि सोडियम हायड्रॉक्साइडने थेंबाथेंबाने पीएच ७ ते ८ वर आणा. तेवढंच आम्ल आणि तेवढंच अल्कली घातलेलं डिस्टिल्ड वॉटर शून्याची कुपी म्हणून ठेवा; उदासीन करताना मीठ तयार होतं आणि आपण कणांना मिठाच्या काठावरच उभं केलेलं आहे. उदासीन केलेला नमुना अर्ध्या तासात वापरा. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर आम्ल घालण्यापूर्वी बाटलीचं झाकण दोन-तीन तास सैल ठेवा, क्लोरीन ग्लुटाथायोनची वाट लावतं. आणि रंगीत पदार्थ यात चालत नाहीत. एका विद्यार्थ्याने कल्हईच्या पातेल्यातला तांबडा रस्सा तपासायचा का विचारलं होतं. लाल रश्श्यात लाल द्रावण ओतून काय बघणार, राजा?

तीन कुप्यांची पडताळणी

आता मामांची गोष्ट. करवीर तालुक्यात मामांची बोअर आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी मी त्यांचं पाणी आणलं, संवेदकात घातलं, दहा मिनिटांत झक्क निळं. फोन करून सांगितलं, मामा, शिसं दिसतंय. "व्हय रं? मग आता पाणी प्यायचं का न्हाई?" मी म्हटलं, नकोच. मामांनी महिनाभर विकतचे जार आणले, गल्लीत चार जणांनी आणले. मग नमुना अणुशोषण यंत्रावर गेला आणि अहवाल आला: शिसं आढळलं नाही. पाणी नुसतं जड होतं. आपल्याकडे खाली बसाल्टचा खडक, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि दोन धनभारांचा कॅल्शियमसुद्धा कार्बोक्सिल गटांना धरून कणांना जवळ आणतो. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून मामा मला 'शिशाचा डॉक्टर' म्हणतात.

त्यानंतर मी एकच कुपी कधी बघत नाही. प्रत्येक नमुन्याच्या तीन:

पहिलीत नमुना जसाच्या तसा. दुसरीत त्याच नमुन्यात मुद्दाम घातलेलं शिसं (१० मिलिलिटर नमुन्यात १० मिलिग्रॅमवालं द्रावण १०० मायक्रोलिटर, म्हणजे लिटरला साधारण ०.१ ची भर). तिसरीत नमुना आणि कॅल्शियम-ईडीटीए.

ही तिसरी कुपी समजून घ्या. ईडीटीए धातूंना घट्ट मिठी मारतं, पण साधं ईडीटीए घातलं तर ते कॅल्शियमलाही धरतं आणि शिशालाही. मग निळा रंग गेला तरी दोघांतला कोण होता ते कळत नाही. म्हणून त्याच्या मिठीत आधीच कॅल्शियम देऊन ठेवायचं. आता पाण्यातल्या कॅल्शियमला ते हात लावत नाही. शिसं आलं मात्र, की कॅल्शियमला सोडून शिशाला धरतं, कारण शिशाशी त्याचं बंधन कोट्यवधी पटीने बळकट आहे. शिशाच्या विषबाधेवर औषध म्हणून हेच संयुग देतात. करायला सोपं: १०० मिलिलिटर पाण्यात ३७ मिलिग्रॅम डायसोडियम ईडीटीए आणि १५ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, पीएच ८. यातलं १० मायक्रोलिटर ४०० मायक्रोलिटर नमुन्यात घालून १० मिनिटं थांबा, मग संवेदक, मग मीठ. पहिल्या दोन कुप्यांत त्याऐवजी १० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर.

पहिली निळी आणि तिसरी लाल: जड धातू आहे. पहिली निळी आणि तिसरीही निळी: क्षार किंवा जडपणा, मामांचं पाणी. अशा वेळी नमुना डिस्टिल्ड वॉटरने निम्मा पातळ करून परत बघा, अर्थात पकडायची मर्यादाही दुपटीने वर जाते हे लक्षात ठेवून. पहिली लाल आणि दुसरी जांभळट: या पद्धतीला दिसेल एवढं शिसं नाही, यापेक्षा जास्त काही म्हणू नका. पहिली लाल आणि दुसरीही लाल: ही सर्वांत फसवी. पाण्यातलं काहीतरी, कुजक्या पालापाचोळ्याची सेंद्रिय आम्लं किंवा फॉस्फेट, शिशाला लपवतंय. ही परीक्षा बाद समजायची. रंकाळ्याच्या काठाजवळच्या हिरवट पाण्यावर काम करायला गेलेल्या मुलांना हा अनुभव हटकून येतो, आणि दुसरी कुपी नसती तर त्यांनी 'शिसं नाही' असं बिनदिक्कत लिहिलं असतं.

पहिली निळी, तिसरी लाल आली तरी ते शिसंच असेल असं नाही. तांबं, जस्त, कॅडमियम हेही कॅल्शियमला बाजूला सारून ईडीटीएला धरतात, आणि पितळी नळातून तांबं-जस्त शिशाच्या सोबतच उतरतं. इथे आपली पद्धत थांबते. तो नमुना उचलायचा आणि अणुशोषण किंवा आयसीपी यंत्र असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. आम्ल घातलेली मूळ बाटलीच पाठवा, उदासीन केलेली नको, आणि सोबत आम्ल घातलेलं डिस्टिल्ड वॉटर एका बाटलीत 'कोरा नमुना' म्हणून द्या. तुमच्याच आम्लात किंवा बाटलीत शिसं असेल तर ते तिथे उघडं पडेल.

उरलेलं

शिसं असलेलं काहीही बेसिनमध्ये ओतायचं नाही. जाड प्लॅस्टिकच्या एका कॅनवर 'शिसं: टाकाऊ' असं ठळक लिहून सगळ्या कुप्या, टिपा धुतलेलं पहिलं पाणी, जुनी प्रमाण द्रावणं त्यात जमा करा आणि धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्या. अम्लराज त्यात मिसळू नका. शिसं न लागलेलं बिघडलेलं सोन्याचं द्रावण वेगळ्या बाटलीत साठवा. चिमूटभर मीठ घातलं की कण खाली बसतात, वरचं पाणी काढून टाकता येतं, आणि दोन-तीन वर्षांत तळाला काळसर गाळ साठतो. आमच्या बाटलीच्या तळाशी आता बोटाच्या पेराएवढा थर आहे; गुजरीतल्या एका कारागिराला दाखवला तर त्याने बाटली उन्हात धरून दोनदा फिरवली आणि विचारलं, "सर, हे खरंच सोनं?"

मामांची बोअर अजून चालू आहे. दर पावसाळ्यानंतर एक बाटली येते, आणि आता तिच्यावर तारीख, वेळ, 'बोअर, पहिलं पाणी' असं सगळं नीट लिहिलेलं असतं.